कागदाच्या मागच्या बाजूला

प्रशिक्षणाला आम्हाला एसी हॉलमध्ये गोल बसवलं,
एकेक कागद दिला हातात :
'तुमची प्रेरणा काय? तीन ओळींत लिहा.'
सिकंदरने लिहिलं, पगार. खाली रेघ मारली.
खरातांनी सिकंदरचं बघून लिहिलं, रेघेसकट.
घवाळी मुकादम म्हणाले, चष्मा विसरलो,
चष्मा त्यांच्या कपाळावर होता.
मी पेनाचं टोपण चावत राहिलो
आणि कागद घडी करून खिशात घातला.
तिथे आधीच एक अर्ज होता :
लायसन्स खात्यात बदली मिळावी, ही विनंती.
दिवसपाळी. टेबल. पंखा.

आमचं काम रात्री दोननंतरचं,
माझगाव जरा गप्प झालं की.
लोखंडी कांब रस्त्यावर उभी धरायची,
वरच्या टोकाला कान लावायचा
आणि जमिनीखाली पाणी कुठे वाया जातंय
ते शोधायचं.
धड पाइपातलं पाणी गुणगुणतं.
फुटल्या जागी ते दात आवळून बोलतं,
शिवी गिळावी तसं.

पहिलं वर्षभर मला ऐकू यायचं
गटार, गोदीतला एखादा ट्रक, माझंच रक्त.
घवाळी म्हणायचे, 'कान लाव आणि बाजूला हो.'
कुणाच्या बाजूला?
'तुझ्याच.'

मग यायला लागलं ऐकू.
आधी ते ऐकत, मग मी.
ते विचारत, 'इथे?'
मी मान हलवायचो. ते म्हणत, 'इथेच,'
खरात कुदळ घालत.
मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय.

त्या रात्री अंजीरवाडीच्या वळणावर
आमचा दिवा गेला.
मला ताप होता, तोंडाला मफलर.
पाणी असं फुसफुसत होतं खाली
की बुटांच्या तळव्यांना कळावं.
घवाळींनी कान लावला.
'इथे?'
अंधार. मी नुसती मान हलवली.
ते एक पाऊल पुढे गेले. आणखी एक.
त्या आवाजाला ओलांडून
ते पुढे चालत गेले,
देवळात चप्पल शोधणाऱ्या माणसासारखे.

सिकंदरने मोबाइलचा टॉर्च लावला.
रस्त्यावर नाही,
माझ्या तोंडावर.

मुकादम वळले. मी पुन्हा मान हलवली.
'इथेच,' ते म्हणाले.
खरात कधीचे तिथेच उभे होते,
तळहातांवर थुंकून तयार.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.
दोन वर्षं ते माझं तोंड वाचत होते
आणि बाकीचे उजेड धरत होते.
मला आधी रागच आला.
कुणी विचारलं होतं मला?
माझ्या कानावर एक अख्खा माणूस,
त्याची उरलेली चौदा महिन्यांची नोकरी,
असं न सांगता ठेवून देतात का कुणी?

पण खड्डा थांबत नाही रागासाठी.
कमरेएवढ्या चिखलात उतरलो,
शिशाचा जुना सांधा हाताला लागला,
गार, आणि त्यातून सुटलेली धार
मनगटावर सुरीसारखी.
'माप लिही,' वरून आवाज आला.
वही ओली झाली होती.
खिशातून हाताला आला तो कागद काढला.

चार वाजून दहा मिनिटांनी
खरातांनी चावीचे साडेआठ फेरे सोडले.
समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर
कुणीतरी नळाखाली बादली सरकवली.
आधी हवा आली,
मग नळ खोकला,
मग पाणी.
घवाळींनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, 'आलं.'
'ऐकलं मी,' ते म्हणाले
आणि कांब पुसायला घेतली,
रोज पुसतात त्याहून जरा जास्त वेळ.

सोमवारी मॅडमनी कागद गोळा केले.
माझा पुढून कोरा.
मागे, चिखलाच्या अंगठ्याशेजारी :
फुटपाथपासून सव्वादोन फूट. खोली साडेचार.
त्यांनी उलटून बघितलं असेल की नाही,
माहीत नाही.

अर्ज अजून खिशात आहे.
घडीवर फाटत चाललाय.
आज रात्री शिवडीला जायचंय,
दिव्याला नवे सेल घ्यायचे आहेत, दोन जोड्या,
आणि मफलर
घरीच ठेवायचा आहे.