लोबानगाडी

सकाळी पहिली किल्ली फिरवली
की निळा धूर. एक मिनिट, फार तर दीड.
नंतर दिवसभर स्वच्छ,
आपण त्या गावचेच नाही असं.

पोरांनी नाव ठेवलं लोबानगाडी.
अकरा पोरं, अकरा डबे,
मागच्या काचेतून धूर बघायला
शेवटच्या सीटवर रोजची मारामारी.

सेलूत गाडी धूर ओकली की जो तो डॉक्टर.
मुंजाजी म्हणाला, रिंगा गेल्या वहिनी,
इंजिन उतरवावं लागतंय.
भंगारवाल्यानं तर भावही सांगून ठेवला,
न विचारता.

नांदेडच्या कलीममामूंनी फोनवर तीनच प्रश्न केले.
चढावर येतो? नाही.
दुपारी येतो? नाही.
रातभर उभी राहिली की मगच? हो.
“मंग रिंगा ठीक हायत, बेटा. वरून टपकायलंय.
व्हॉल्वचे सील वाळलेत. घरीच कर.
हेड खोलू नको. दोरी हाय का घरात?”

ह्यांना पुण्याला कळवलं नाही.
कळवलं असतं तर नको म्हणाले असते,
आणि मग नको म्हटल्यावर करावं लागलं असतं.

दिवाळीची सुट्टी. अंगणातली कपड्यांची दोरी सोडली,
सासूबाईंचं ओलं लुगडं मेंदीच्या कुंपणावर टाकलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
म्हणजे बोलल्याच.

ओम्नीचं इंजिन सीटखाली.
सहा वर्षं ज्याच्यावर बसले
ते त्या दिवशी पहिल्यांदा उघडं पाहिलं,
काळंभोर, गरम तेलाच्या वासाचं.
झाकण काढलं, रॉकरच्या दांड्या काढल्या.
तेल खाली जायची भोकं बुजवायला
जिनिंगच्या रस्त्यावर उडालेला कापूस
चक्रधरनं खिसे भरून आणला.

चौथा गिअर टाकला. पोरगा मागून ढकलतोय,
मी प्लगच्या भोकावर अंगठा धरून.
अंगठा आत ओढला जाऊ लागला:
पिस्टन खाली निघालाय.
ओढ थांबली तशी थांब म्हटलं,
दोरी आत सारली, हात, दीड हात,
आणि पुन्हा ढकल, हळू,
गाडी मऊ कशावर तरी टेकून थांबेपर्यंत.
आता व्हॉल्व पडणार नाही.
कपडे वाळायच्या दोरीवर तोललंय सगळं.

स्प्रिंग दाबली, लॉक निघाले,
तांदळाच्या कणीएवढी दोन अर्धुकं.
जुनं सील चिमट्यानं ओढलं तर
वाटाण्याच्या वाळल्या सालीसारखं चुरलं.
नव्याला तेलाचं बोट,
वरून गोटी ठेवून तळव्यानं दाबलं.
ठोकायचं नाही, मामू म्हणाले होते,
बसलं की आपोआप कळतं. कळलं.

पाचवं बसवताना स्प्रिंग सटकली.
टिक्. एक लॉक गायब.
फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन
अख्खं अंगण चाळलं.
दोन खिळे, एक हेअरपिन,
माझ्या लग्नातल्या जोडव्याचा तुकडा
(चांदी म्हणे, पण चुंबकाला चिकटला).
लॉक नाही. ऊन उतरलं.
सासूबाई उठल्या, चष्मा पुसला,
इंजिनात वाकल्या आणि
भोकातला कापूस बोटांनी विंचरायला लागल्या,
सरकी काढावी तशी.
तिसऱ्या बोळ्यात सापडलं.
माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या,
“लुगड्याला मेंदीचे काटे लागलेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली.
काही नाही. नुसता आवाज.
सासूबाई रोजच्यासारख्या दारात उभ्या.
धूर नव्हता तरी त्या खोकल्या.

शाळा उघडली तशी पोरं हिरमुसली.
शेवटच्या सीटवर आता कुणी भांडत नाही.
बाई, तुम्ही गाडीला काय केलं?

दोरी तीनदा धुतली, परत बांधली.
मधला दीड हात काळाच राहिला.
तेवढ्या जागी आम्ही
पांढरं काही वाळत घालत नाही.