रिकामा बार

धंतोलीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली,
पेनानं दाखवलं, हा चौथा, हा पाचवा,
मधली गादी सरकली आहे.
"एकशेचाळीस किलो? या वयात? कशासाठी?"
मला सांगता आलं नाही.

मे महिना. कूलरच्या बादल्या आता वनिता भरते,
मी पलंगावर पडून मोजतो, किती ओतल्या.

सक्करदऱ्याच्या जिममध्ये हेडाऊ म्हणाला,
"काय पाहून राहिला बे? घरी जा न."
भिंतीवर माझा आकडा अजून खडूत,
खाली कोणीतरी छत्री टेकवून ठेवलेली.

पट्टा बांधला. सोडला.
नुसता बार उचलला, वीस किलो,
एकही प्लेट नाही.
पाठ काही बोलली नाही,
मीही खोदून विचारलं नाही.

रात्री वनिता झोपल्यावर
अर्धी बादली.