एकास पंचवीस

खोक्याची एक बाजू उंदरांनी खाल्ली.
उरलेल्या झाकणावर ती अजून धावते,
लांबलचक, आकाशी, मागे दोन पंख काढून,
आणि रस्त्यावर एकही रिक्षा नाही.

मिलमधला साहेब बदलून गेला, जाताना
नान्नांच्या हातात ठेवून गेला, पोरांना द्या म्हणून.
अन्ना बारा वर्षांचा, मी सात.
कागदावरचं इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं.
चित्रं बघत जोडली,
दाजी पेठेतल्या खोलीत, अम्माच्या विडीच्या सुपाशेजारी,
आणि खिडकीला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला.

आता ती पुन्हा सुटी करतोय.
आधी दोन रात्री फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली.
जुना गोंद थंडीनं ठिसूळ होतो.
पद्मा म्हणाली, ताप आलाय का गाडीला?
मग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून
दातांच्या ब्रशनं हळूहळू.
हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटला,
चार दिवस हाताला वास.

दारावरचे आकडे, पाण्यात सोडून चिकटवायचे,
तेव्हा वापरलेच नव्हते. कागदावरच पिवळे पडले.
प्लास्टिकच्या पिशवीत घालून
पूर्वेच्या काचेला लावून ठेवले.
एप्रिलमधलं सोलापूर. चव्वेचाळीस.
आठ दिवसांत पांढरे स्वच्छ.
या उन्हाचा काही उपयोग झालेला
मी पहिल्यांदा बघितला.
गाडी मात्र सावलीत, माठापाशी;
इथे विसरलेली वस्तू वाकते.

तेहेतीस वर्षं रंगखात्यात गेली,
आकाशी म्हणजे किती आकाशी
हे मला कुणी सांगू नये.
पांढऱ्यात तीन थेंब निळा,
आणि सुईच्या टोकावर राहील एवढा काळा,
नाहीतर शाळेचा गणवेश होतो.
आतल्या गालिच्याला टॉवेलच्या कातरणीखालचं तूस.
इंजिनच्या तारांना चादरीच्या ताण्यातले आठ धागे, काळे करून.
कडांना चॉकलेटची चांदी, नखानं दाबत दाबत.
उरलेली काडी मेणबत्तीवर धरून ओढली
तर केसाएवढी एरियल निघाली.
दोन तुटल्या. तिसरी बसली.

काच शेवटी घेतली.
काचेवर गोंदाचा डाग आहे,
आणि तो अन्नानं पाडला,
हे आमच्या घरात पन्नास वर्षं ठरलेलं.
नान्नांनी विचारलं होतं, एवरु?
मी बोट दाखवलं.
मागाचा चामडी पट्टा होता दाराला टांगलेला.
अन्नानं परत गाडीला हात लावला नाही.
पुढच्या वर्षी मागावर बसला,
मग भिवंडी.

घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं.
डाग कसला, ठसा आहे.
लहान अंगठा, सगळ्या रेषा जागच्या जागी,
आणि मधून आडवी एक फट.

मी माझा अंगठा शेजारी धरला.
भोवऱ्याची आर घुसली होती, सहाव्या वर्षी.

खोटं बोललो की विसरलो, आठवत नाही.
सात वर्षांच्या पोराला
दोन्ही एकदम जमतं.

दोन हजार नंबरचा पेपर वाटीत भिजतोय.
तासाभराचं काम. वरून टूथपेस्ट, मऊ कापड,
काच नव्यासारखी.
या मापात माणूस बोटाएवढा,
चालकाच्या जागी सहज बसेल.
पट्ट्याचा वळ किती, ते गणित
मी मांडून बघितलं. पंचवीसनं भाग जात नाही.

रात्री साडेअकराला फोन लावला.
म्हटलं, अन्ना, ती गाडी.
कुठली?
अरे, नान्नांनी आणलेली. तिची काच...
पलीकडे खडाड् खडाड् खडाड्.
'माग चालू आहेत रे,' तो ओरडला,
'मोठ्यानं बोल.'