विथड्रॉ

मुहर्रकच्या टायपिंग सेंटरात
यासीन मुकादम विचारतो,
"विथ म्हणजे सोबत ना?
मग हा शब्द इतका एकटा कसा?"

फार जुन्या इंग्रजीत, मी म्हणतो,
विथ म्हणजे विरुद्ध, उलट.
ड्रॉ म्हणजे ओढणं.
एटीएममधून पैसे, आघाडीवरून फौज,
आठ महिन्यांच्या पगाराची तुझी तक्रार:
सगळ्याला हेच क्रियापद.

"आपल्यात काढणं," तो म्हणतो.
"पैसे काढतात. चित्र काढतात.
दिवस काढतात."

बाहेर ओहोटी.
चिखलात कलंडलेल्या होडीखाली
एक मांजर काहीतरी हुंगतंय.

मी प्रिंट काढतो.
यासीन सही करतो, शाळेतल्यासारखी, सावकाश,
आडनावासकट.

अर्जाचे दोन दिनार
त्यानं केव्हाच काढून ठेवलेत टेबलावर,
चार घड्यांचे, ओलसर.