पालकभेटीला जाशील तेव्हा

विमल, तुझा लोकेश यंदा नागपूरला लागला म्हणून सांगते.
मागल्या डिसेंबरात आम्ही जाऊन आलो.

पत्रात दहाची वेळ असेल.
तू साडेआठलाच फाटकापाशी उभी राहशील,
मी ओळखत नाही का तुला.
चौकीदार रजिस्टर पुढे करेल: नाव, गाव, नातं.
त्या तिसऱ्या रकान्यापाशी माझा पेन थांबला.
आंधळगावात कोणी विचारलंच नव्हतं कधी.

डबे कमी ने.
मी सात नेले. चेतनाच्या वाट्याला दोन शंकरपाळे आले,
बाकी ज्यांचं कोणी आलं नव्हतं त्या पोरींनी संपवले.
एक कुरखेड्याची होती,
खाताना एक शब्द बोलली नाही,
मग डबा घासून आणून दिला.
इतका घासला होता की माझं कोरलेलं नाव
अर्धं पुसट झालं.

खोलीत गेलीस की उशी उचलू नको.
मी उचलली.
खाली मागावरची किनार, कोशाची, बोटभर रुंद,
आमच्याच घरची.
मी उशी होती तशी ठेवली, फुलं वरच्या बाजूला,
आणि म्हटलं, चादर धुतली नाहीस का गं महिनाभर?

मग सभागृह. भाषण इंग्रजीत.
बाजूचे टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवायच्या.
पडद्यावर फोटो येतात, भरभर जातात.
हे म्हणाले, ती होती का?
मी म्हटलं, हो.
मलाही दिसली नव्हती.

आणि गोठा.
पशुवैद्यकीवाल्यांचा गोठा आपल्या घरापेक्षा स्वच्छ.
गमबूट घालून, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हात चढवून
माझी पोट्टी गाईच्या पोटात काहीतरी चाचपत होती,
डोळे मिटून,
जसे हे तुटलेला धागा अंधारात शोधतात.
"तीन महिने," ती म्हणाली. सर म्हणाले, बरोबर.
हे म्हणाले, हात धू आधी.
सगळे हसले.
चेतनाही हसली, जरा उशिरा.
तेवढं एक मला लागलं, विमल. बाकी काही नाही.

दुपारी मेट्रोनं नेलं तिनं बर्डीला.
ती पलीकडे गेली आणि हे अडकले,
टोकन मुठीत घट्ट, मागे माणसं खोळंबलेली.
तिकडून ती म्हणाली, "बाबा, इथे टेकवा. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं."
त्याच आवाजात,
ज्या आवाजात यांनी तिला कधीकाळी
मागाच्या खड्ड्यात बसवून सांगितलं होतं,
पाय इथे ठेव, दाबू नको एकदम.
दार उघडलं. हे तिच्याकडे न बघताच चालू लागले.

संत्री तिनं घेतली. पैसे तिनं दिले.
कुठले म्हणून विचारू नको तू.
मी विचारलं.
रविवारी धरमपेठेत लोकांच्या कुत्र्यांना आंघोळ घालते,
एका कुत्र्याचे दीडशे.
यांनी एक संत्रं सोलायला घेतलं
आणि गणेशपेठ स्टँड येईपर्यंत सोलतच राहिले.

लोकेश घाई करेल. करू दे.
त्याला सोमवारी परीक्षा असेल, मित्र थांबले असतील,
गाडी हलेपर्यंत तो उभा राहील असं धरून चालू नको.
चेतना गेली होती.
मग फलाटावरून पळत परत आली,
खिडकीतून मला म्हणाली,
"आई, ती चादर खरंच धुतली नव्हती,"
आणि पुन्हा गेली.

एक जुनं फडकं असू दे सोबत,
परतीला रिकामे डबे फार वाजतात.
आणि रडू आलंच
तर मौदा येईपर्यंत दम धर.
तिथे निम्मी गाडी उतरते,
खिडकीची जागा मिळते.