बत्तीस खण

तीन कोटेशनं टेबलावर, वर एक गोटा ठेवलाय,
कारण कास्त्रोच्या धक्क्यावरचं हे ऑफिस
दार उघडलं की निम्मं समुद्राचं होतं.
टेलिफोन कंपनीचं पत्र आडपडदा न ठेवता लिहिलेलं :
मार्चनंतर जुनी डिजिटल लाइन बंद,
पुढे सगळे आवाज इंटरनेटवरून.
आमचं एक्सचेंज मात्र ठणठणीत,
भिंतीवरचं करडं कपाट, त्याला नवी भाषा येत नाही एवढंच.
मालक बार्रिया म्हणतात, चालतंय ते फेकायचं नसतं.
म्हणून मधे एक दुभाष्या हवा.
गेटवे म्हणतात त्याला. पावाच्या ट्रेएवढा असतो.

पुएर्तो माँतहून रुबिलार आला,
बूट पुसून, लॅपटॉप चुलीपासून लांब ठेवून.
वहीच्या मागच्या पानावर त्यानं खण आखले.
एका तारेत बत्तीस.
सेकंदाला आठ हजार वेळा
खणाखणात कुणाच्या ना कुणाच्या आवाजाचा कण पडतो,
की पुन्हा पहिल्यापासून.
तीस खण बोलणाऱ्यांचे.
शून्य नंबरचा नुसता ठेका धरतो.
सोळावा स्वतः काही बोलत नाही,
कुणाचा फोन, कुणासाठी, कुणी ठेवला,
तेवढं पुढे सांगतो.
"म्हणजे मी," दोन्या ओर्तेन्सिया म्हणाल्या
रिसेप्शनवरून, मान वर न करता.

खरेदी माझ्याकडे आहे,
यातलं कळतं म्हणून नव्हे, सही माझी सुबक येते म्हणून.
मी विचारलं : आवाज घुमेल का?
फॅक्स जाईल का, बंदराचं खातं अजून फॅक्सच मागतं.
आणि वीज गेली तर?
तिसऱ्या प्रश्नाला रुबिलार कागद चाळू लागला.
म्हटलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता.
"वीज गेली तर गेलीच," तो म्हणाला, "बॅटरी वेगळी घ्या."
इथे पहिल्यांदा मला तो आवडला.

उरलं ते एवढंच : एक पोर्ट की दोन.
तीस आवाज की साठ.
फरक एका बोटीच्या इंजिनाएवढा.
"तीस माणसं एकदम बोलतात कधी आपल्याकडे?" मालक म्हणाले,
आणि मीही मान हलवली, खोटं कशाला सांगू.

दोन्या ओर्तेन्सियांनी खणातून निळी वही काढली.
छत्तीस वर्षांचे दिवे मोजलेत त्यात,
कुणी सांगितलं नव्हतं.
सोमवारी नऊ.
बटाटा निघतो तेव्हा चौदा.
आणि एका जूनमधलं पान,
'रोसाल्बा' बेटांवरून परतली नव्हती ती रात्र :
नऊ चाळीसपासून तीसही लाल.
खाली, वेगळ्या शाईत : बाहेर कोण राहिलं, दिसत नाही.

दिसलं ते पहाटे.
केइलेनच्या रस्त्यानं एक बाई चालत आली,
पायात नवऱ्याचे गमबूट,
काखेत झोपलेलं पोर.
रात्रभर तिला नुसतं टूँ टूँ ऐकू आलेलं.
बोट तोवर धक्क्याला लागली होती,
इंजिन बंद पडलेलं, बाकी काही नाही,
नवरा आमच्याच चुलीपाशी सूप पीत बसलेला.
ती हसली नाही, रडलीही नाही.
त्यानंतर तिनं या ऑफिसला कधी फोन केला नाही.
काही विचारायचं असलं तर बसनं येते,
खिडकीशी उभी राहते.

मालकांनी टोपी काढली, पुन्हा घातली,
आणि इंजिनाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

गुरुवारी पेटी बसली. एक्सचेंजमध्ये दुसऱ्या तारेची जागा
पहिल्या दिवसापासून रिकामीच होती, धुळीनं भरलेली.
रुबिलारनं फुंकर मारली.
पहिल्या फोनला आवाज घुमला, दुसऱ्याला थांबला.
तिसरा दोन्या ओर्तेन्सियांनी लावला,
वही न उघडता, पाठ असलेला नंबर.
बराच वेळ वाजला.
"कोण?"
"धक्क्यावरनं बोलतेय."
मग इतका वेळ शांतता, की रुबिलार दिवे तपासायला वाकला.
"काय झालं?" पलीकडून, अगदी हळू.
"काही नाही गं," त्या म्हणाल्या,
"लागतो का, तेवढं बघत होते."