उणे एक

औलूच्या खाडीवर बर्फात पुरलेला माझा एक सेन्सर
आठवडाभर सांगत होता: उणे एक.
कुणालाच शंका आली नाही.
मार्चमध्ये इथं उणे एक असूच शकतं,
त्यात काय.

खरं तर बॅटरी सोमवारीच मेली होती.
दोन वर्षांपूर्वी, शुक्रवारी, घरी जायच्या घाईत
मीच लिहून ठेवलं होतं:
काही कळलं नाही तर उणे एक पाठव.
शून्य नको म्हटलं, शून्य तर खरंच असतं कधीकधी.
हे तेव्हाचं शहाणपण.

हेल्का हसली नाही. माशांसाठी भोकं पाडते ती,
निवृत्त पोस्टवाली, हातात खांद्याइतकं उंच गिरमिट.
बर्फात फिरवलं, पट्टी बुडवली,
ओल्या हातमोज्यानं खूण दाबून धरली.
"एकोणचाळीस सेंटीमीटर," म्हणाली. "तुझं यंत्र काय म्हणतं?"
मी म्हटलं, ते काहीच म्हणत नाहीये,
पण आकड्यात.

तिनं पुढं विचारलं नाही. थर्मासमधली कॉफी दिली,
आणि एक पर्च मासा, पिशवीत अजून हलणारा.

दुरुस्ती एका ओळीची होती. रात्री केली.
आता ठाऊक नसेल तर रकाना रिकामा राहतो.
स्क्रीनवरचं ते भोक कुणाला बघवत नाही,
सकाळपासून तिघांनी विचारलं, बिघडलंय का काही?

संध्याकाळी आईचा फोन, रोवानिएमीहून.
कसा आहेस?
मी "ठीक" म्हणणार होतो, नेहमीसारखं, लगेच.
थांबलो.
तीही काही बोलली नाही.
मागं तिच्या जुन्या फ्रीजची घरघर
ऐकू येत होती.